दोन्ही पेट्यांना एकच दोष

कानमास्तरांच्या दुकानावर पाटी होती: 'जुन्या स्पीकरचा दोष फक्त ऐकून सांगितला जाईल.' यातला 'फक्त' त्यांनी मागाहून, रंगाऱ्याला खास बोलावून, लाल रंगात घालून घेतला होता. पुढे जे महाभारत झालं त्यात त्यांना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल, तर त्या एका लाल शब्दाची.

तसे ते नुसतेच बोलघेवडे नव्हते. जुना स्पीकर समोर आला की आधी पुढची जाळी काढायची, मोठ्या कागदी कोनावर दोन्ही अंगठे सारखे टेकवायचे, कोन हळूच आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. आत बारीक खरखर झाली तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, घासतेय. कोनाच्या कडेचा फोम बोटाला लागून भुगा झाला तर कड संपली. जळका वास आला तर घरात कुणीतरी पाहुण्यांपुढे फुशारकी मारायला आवाज वाढवला होता, आणि तो कोण हेही मास्तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखत. पस्तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. यात खोटं काही नव्हतं. फक्त हे सगळं आपल्याला कायमचं दिलेलं आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

त्यांचा एक नियमही होता. शेजारच्या रेडिओवाल्यापासून ते दूरवरून फोन करणाऱ्या हौशी मंडळींपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो ऐकवला होता. स्पीकरच्या जोडीतल्या एका पेटीत दोष असेल तर पेटी उघडा. पण दोन्ही पेट्यांत नेमका एकच दोष दिसला, तर पेटीला हात लावू नका, कारण दोन पेट्या एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. दोष अलीकडे कुठेतरी असतो: वायरीत, अँप्लिफायरमध्ये नाहीतर सीडीत. अलीकडे म्हणजे किती अलीकडे, हे मात्र त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गाण्याच्या बाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ कणा, आणि मागून टेम्पोवाला दोन पेट्या घेऊन. पेट्या बाईंच्या लग्नाच्या वेळच्या, सागाच्या लाकडाच्या, दर चार वर्षांनी मास्तरांनीच तपासलेल्या. बाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं की दोन्ही पेट्यांचा आवाज बसका झालाय, वरची चमक गेली, जाड पडद्यामागून कुणी गातंय असं वाटतं. मग त्या बसल्या आणि खरं कारण सांगितलं.

बाईंची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि गायची. आता तिला नोकरी सोडून गाण्यातच उतरायचं होतं. तिने ताजं गाणं सीडीवर करून पाठवलं होतं आणि विचारलं होतं की आवाज त्या लायकीचा आहे का. आई म्हणेल तसं करायचं, हो तर हो, नाही तर पुन्हा विषय नाही. रविवारी ती उत्तर ऐकायला स्वतः येणार होती. बाईंनी सीडी दोनदा लावून ऐकली. मुलीच्या गळ्यात जी चमक होती ती कुठेच नव्हती. मागच्या खेपेला ती घरी येऊन गायली तेव्हाही त्यांना तसंच वाटलं होतं, पण तेव्हा हवा पावसाळी होती, मुलीला सर्दी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"मास्तर, मी खोटं कौतुक करणारी आई नाही," बाई म्हणाल्या. "आवाज गेला असेल तर मी तिला तसं सांगणार. पण आधी मला कळू द्या, दोष पेटीचा आहे की पोरीचा."

मास्तर म्हणाले, दोन दिवस द्या. हे म्हणताना त्यांनी मान जरा तिरकी केली, कान खोलीकडे आणि नजर छताकडे. ही पोझ गिऱ्हाइकांना आवडते असं त्यांना वाटायचं. बायकोच्या मते त्या पोझमध्ये त्यांची मान अवघडल्यासारखी दिसायची.

बाई गेल्यावर त्यांनी सीडी लावली. बाई म्हणाल्या ते शंभर टक्के खरं होतं. आवाज बसका, वरचं सगळं गायब. डावी पेटी तशीच, उजवी पेटी तशीच. नियमाप्रमाणे त्यांनी पेट्या उघडल्या नाहीत. वायर बदलली. अँप्लिफायर बदलला, एक नव्हे, दोन. सीडी प्लेयर बदलला. पेट्यांमागचा गंजलेला नॉब बाहेरूनच साफ केला. शेवटी तीच सीडी त्यांनी दुकानातल्या स्वतःच्या पेट्यांवर लावली. त्यावर मुलीचा आवाज कसा लखलखीत आला.

झालं. निकाल लागला. बाईंच्या दोन्ही पेट्यांमधले ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक आवाज काढणारे दोन छोटे स्पीकर, मेले होते. नियमात बसत नव्हतं खरं, पण एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेली जुळी भावंडं आहेत, गेली असतील बरोबरीने, असं म्हणून मास्तरांनी स्वतःचा नियम स्वतःच गुंडाळून ठेवला. मंगळवारी त्यांनी बाईंना फोन केला. दोष पेट्यांचा आहे, मुलीचा नाही, शनिवारी आणून देतो. पलीकडे बाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की तो मास्तरांनाही ऐकू आला.

एक गोष्ट त्यांनी बाईंना सांगितली नाही, कारण तिचं महत्त्व त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. दुकानातल्या त्यांच्या पेट्यांना मागे एक नॉब होता, वरचा आवाज कमीजास्त करायचा. पूर्वी तो मध्यावर असे. दोन वर्षांपूर्वी त्या पेट्या 'आळसावल्या' म्हणून मास्तरांनी तो थोडा वाढवला, मग आणखी थोडा, आणि आता तो पार टोकाला जाऊन बसला होता. गेल्या सहा महिन्यांत तीन गिऱ्हाइकांनी दुरुस्त केलेले स्पीकर परत आणून कानाला टोचतात अशी तक्रार केली होती. हल्लीच्या लोकांना खरा आवाज सोसत नाही, असं मास्तरांनी त्यांना ऐकवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्यांनी चांगला सहा महिने घातला.

बुधवारी त्यांनी उजवा ट्वीटर काढला. मीटर लावला तर मीटर म्हणाला कॉइल शाबूत आहे. मास्तर म्हणाले, मीटरला काय कळतंय. मीटरचा सेल बदलला, तरी मीटर हट्टाने तेच म्हणाला. मग त्यांनी ट्वीटर उघडला. आत सगळं नव्यासारखं होतं, कॉइल चकचकीत, घुमटाचं कापड कुठे फाटलेलं नाही, दबलेलं नाही. आणि हे बघत असतानाच त्यांच्या चिमट्याचं टोक केसाइतक्या बारीक तारेला लागलं आणि ती तटकन तुटली. असा ट्वीटर आता कुठे मिळत नव्हता. चांगल्या माणसाचं पोट फाडून बघणाऱ्या डॉक्टरसारखे ते हातात चिमटा घेऊन बसून राहिले, आणि मग, हात दाखवून अवलक्षण पुरेसं झालं नव्हतं म्हणून, डाव्याकडे वळले.

डावा उघडण्याआधी त्याला एक शेवटची संधी द्यावी असं त्यांनी ठरवलं. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. चकती फिरवून हवा त्या उंचीचा एकसुरी आवाज काढता येई. त्यांनी चकती सेकंदाला दहा हजार कंपनांवर, म्हणजे खूप वरच्या, बारीक सुरावर नेली, आवाज वाढवला आणि ट्वीटरला कान चिकटवला. काही नाही. आणखी वाढवला. शुकशुकाट. मेलाय, ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यात त्यांना थोडं समाधानही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

तेवढ्यात आतून बायको आली, दोन्ही कानांवर हात ठेवून. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, मध्ये फक्त एक दार.

"अहो, ती शिट्टी आधी बंद करा," ती म्हणाली. "मी दूध बघू की कान झाकू?"

मास्तरांनी विचारलं, कुठली शिट्टी. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग ट्वीटरकडे बघितलं, आणि कानांवरचे हात हळूहळू खाली घेतले. यात चेष्टा नाही, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

तरी मास्तरांनी हार मानली नाही. त्यांनी तिला दारात पाठमोरी उभी केली आणि शिट्टी ऐकू आली की हात वर कर म्हणून सांगितलं. यंत्राचं बटण ते कधी दाबत, कधी नुसतं दाबल्यासारखं करत. बायकोला कुठेतरी पकडायचंच असा त्यांचा डाव होता. ती एकदाही चुकली नाही. मग त्यांनी चकती खालून वर फिरवायला सुरुवात केली. तीन हजार, दोघांनाही ऐकू आलं. पाच हजार, मास्तरांना ऐकू आलं, पण लांबून. सहा हजारांवर त्यांना आलं की नाही ते सांगता येईना. सात हजारांना खोली गप्प झाली, आणि बायकोचा हात वरच. आठ हजार, नऊ हजार, बारा हजारांपर्यंत बायकोचा हात वर होता आणि मास्तर गुळगुळीत शांततेत चकती फिरवत होते.

त्यांना भीती वाटली. लाज नंतर आली, आधी साधी भीती. दोष अलीकडे असतो, हे त्यांनी सगळ्या जगाला शिकवलं होतं. ते वायरीपर्यंत अलीकडे आले, अँप्लिफायरपर्यंत आले, सीडीपर्यंत आले, आणि सगळ्यात अलीकडे जो इसम मान तिरकी करून बसला होता त्याला तेवढं तपासायचं राहून गेलं. दोन कान, दोन्हींना एकच दोष, आणि नियम मात्र पाठ.

बायकोने दूध उतरवलं आणि शेजारी येऊन बसली. तिच्यापाशी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तीन वर्षं मास्तर तिला म्हणत होते की तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस, शब्द नीट उच्चारत नाहीस. तिच्या धाकट्या भावासमोर त्यांनी तिला एकदा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची सवय ठेव असा सल्लाही दिला होता. पण ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी स्पष्टच बोलत होते."

मग त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न त्यांच्या कानांपाशी संपत नाही. बाईंनाही आवाज बसकाच वाटला होता. त्यांनाही, मास्तरांनाही, आणि पेट्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं. म्हणजे बाईंचेही कान गेले होते. आता बाईंना खरं सांगायचं, की पेट्या ठीक आहेत, तर बाई रविवारी मुलीला सांगणार, तुझा आवाज गेला, नोकरी सोडू नकोस. अर्धं खरं सांगितलं तर मुलीचं गाणं संपत होतं. पूर्ण खरं सांगायचं तर जन्मभर सूर ऐकून पोट भरलेल्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओळखणारा मीही बहिराच.

मास्तरांच्या डोक्यात लगेच एक सोपी वाट आली, तशा त्या येतातच. बाईंच्या पेट्यांमागचा नॉब टोकाला फिरवायचा. बाईंना चमक परत ऐकू येईल, मुलीला हो मिळेल, मास्तरांची पाटी जिथल्या तिथे. तिघांचं भलं, आणि कुणाचं काही जात नाही. त्यांनी हे बायकोला जवळजवळ आनंदाने सांगितलं.

"आणि रविवारी मुलगी समोर बसून गायला लागली तर?" बायकोने विचारलं. "तिच्या गळ्याला कुठला नॉब लावाल?"

मास्तरांनी यंत्राची वायर गुंडाळून ठेवली. ते रात्र व्हायच्या आत जेवले आणि झोपले, म्हणजे आडवे झाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी भिंगाखाली ती तुटलेली तार जोडली. मीटर म्हणाला जोड ठीक आहे, आणि या वेळी त्यांनी मीटरचं निमूट ऐकलं. मग पेट्यांवर मुलीची सीडी लावली आणि बायकोला ऐकायला बसवलं. तिने दोन्ही पेट्या सारख्या वाजतात म्हणून सांगितलं. गाणं संपल्यावर ती जरा वेळ उठली नाही. आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, पण दोनदा अंगावर काटा आला, असं म्हणाली.

शनिवारी टेम्पोवाल्याने पेट्या बाईंच्या खोलीत जागेवर ठेवल्या आणि तो गेला. खोलीत पुस्तकांचं कपाट, एक सतरंजी, खिडकीत झोपलेलं शेजारचं मांजर. बाईंनी उत्सुकतेने विचारलं, झालं का काम. मास्तरांनी येताना वाटेत चार वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही, त्यामुळे त्यांनी सरळ सांगून टाकलं की पेट्या आधीही ठीक होत्या, मंगळवारी मी फोनवर चुकीचं सांगितलं, आणि एक ट्वीटर तर मी उगाच उघडून मोडला आणि पुन्हा जोडला.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी अर्थ लगेच लावला, पण तो चुकीचा.

"म्हणजे दोष पोरीचा," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. दोष अलीकडे आहे. माझ्याकडे आणि तुमच्याकडे."

बाईंना समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्या संतापल्या. साठ वर्षं त्यांनी गळ्यातला केसाइतका फरक पकडला होता, आणि हा खोकी उघडणारा माणूस त्यांना बहिरी म्हणत होता. हे त्यांनी बोलूनही दाखवलं. मास्तर म्हणाले की मी आधी मला म्हणतोय, तुमचा नंबर दुसरा. बाई म्हणाल्या, दाखवा.

मास्तरांनी पिशवीतून यंत्र काढलं, पेट्यांना जोडलं आणि चकती पाच हजारांवर ठेवली. बाईंनी मान डोलावली, येतंय. त्यांनी ती आठ हजारांवर नेली. बाई वाट बघत राहिल्या. मास्तरही वाट बघत राहिले, कारण त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. दोघं समोरासमोर बसून त्या पेट्यांकडे टक लावून बघत होते. तेवढ्यात खिडकीतलं मांजर ताडकन उठलं, कान मागे पाडून पेट्यांकडे बघितलं आणि खिडकीबाहेर उडी मारून निघून गेलं. मास्तरांनी यंत्र बंद केलं.

बाईंनी रिकाम्या खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, कधीपासून. मास्तर म्हणाले, ते कळत नाही, ज्याचं जातं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मी तीन वर्षं बायकोचे उच्चार सुधारत होतो. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू झालं नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदा म्हातारा झाला. मागच्या खेपेला पोरीला सर्दी नव्हती तर.

नव्हती, मास्तर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं आणि ते लपवण्याइतकी हुशारी त्यांच्यात उरली नव्हती. बायकोच्या अंगावर दोनदा काटा आला, हेही त्यांनी सांगितलं. ती गाणारी नाही, पण तिचे कान शाबूत आहेत, एवढी हमी मी देतो, ते म्हणाले. आणि मग, धंद्याची सवय म्हणून, बाईंना जे उरलंय तेही सांगितलं. वरची चमक गेलीये, पण मधलं सगळं जागेवर आहे. सूर कुठे लागतो, श्वास कुठे घेते, दम कुठे संपतो, हे तुम्हाला अजून माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येईल.

बाईंनी सीडी लावायला सांगितली. नॉब मध्यावरच होता. या वेळी त्यांनी चमक शोधली नाही. डोळे मिटून, मांडीवर एक बोट अगदी बारीक हलवत त्या ऐकत राहिल्या. एका ठिकाणी बोट थांबलं, पण ते पुन्हा हलायला लागलं. गाणं संपलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले, डोळ्यांत काही गेल्याचं सोंग न आणता, आणि उद्यापर्यंत थांबायचं नाही असं म्हणून फोन उचलला.

"सीडी ऐकली," त्या म्हणाल्या. "सूर खरा आहे. दम पुरतो. मधे एकदा घाई करतेस, ते उद्या बघू. सोड नोकरी." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आवाजाला चमक आहे का ते मला विचारू नकोस, ते मला आता कळत नाही. आणि मागच्या वेळी तू गाऊन उठलीस आणि मी काहीच बोलले नाही ना, ते तुझ्यामुळे नव्हतं."

पलीकडून उत्तर आलं नाही. निदान बाईंना आलं नाही. त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला, डोळे बारीक केले, आणि शेवटी तो मास्तरांपुढे धरला. ती हसतेय की रडतेय, बघा जरा. मास्तरांनी पस्तीस वर्षांचा सगळा अनुभव त्या फोनला लावला. आत काहीतरी होतं, अगदी बारीक, वरच्या पट्टीतलं. ते हसू असेल, हुंदका असेल, नाहीतर लाइनमधली खरखर. त्यांनी नकारार्थी मान हलवून फोन परत दिला.

बाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"मोठ्याने बोल गं बाळा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला कमी ऐकू येतं."